मदत हवी आहे : लझान्या आदल्या रात्री रचून ठेवावा का?

आईच्या साठाव्या वाढदिवसाला तिच्या आवडीचा पालक-मशरूमचा लझान्या (पास्त्याच्या पट्ट्या आणि सॉस यांचे थर रचून ओव्हनमध्ये भाजायचा इटालियन पदार्थ) मला प्रथमच आठ माणसांसाठी करायचा आहे. अंडे चालत नसल्याने बिनअंड्याच्या, न उकडता वापरायच्या सुक्या पट्ट्या आणल्या आहेत. लहान भांड्यात करून पाहिला तेव्हा, वर फॉइल लावून १८० अंशांवर पाऊण तास भाजूनही मधला भाग शिजला, पण कडांच्या पट्ट्या चिवट राहिल्या आणि सुरी लावताच थर घसरून ताटलीभर पसरले. पालक घट्ट पिळलेला होता, मशरूमही पाणी आटेपर्यंत परतले होते. त्यामुळे माझा संशय व्हाइट सॉसवर आहे. अर्धा लिटर दुधाला ४० ग्रॅम लोणी आणि तेवढाच मैदा घेतला होता, आणि तो सॉस कडांपर्यंत नीट पसरला नाही. पट्ट्या उकडून घेणे हा अगदी शेवटचा पर्याय, कारण त्या एकमेकींना चिकटतात.

ओव्हन एकच आहे आणि सकाळी त्यात केक असेल, म्हणून लझान्या आदल्या रात्री रचून फ्रिजमध्ये ठेवावा लागेल. रात्रभरात पट्ट्या सॉस शोषून घेणार हे गृहीत धरून सॉस किती सैल ठेवावा, थंडगार भांडे फॉइलसह आणि फॉइलशिवाय किती वेळ भाजावे, आणि थर न घसरता कापता यावेत यासाठी बाहेर काढल्यावर किती वेळ थांबावे?