पावसात घोडीचा खूर कुजतोय, गोव्यात सत्तरी तालुक्यापर्यंत येणारा नालबंद हवा आहे

नमस्कार मंडळी,

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला, वाळपईहून आत असलेल्या एका गावातला. मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडी आणली. पाच वर्षांची, कुमैत (अंग तांबूस, आयाळ-शेपूट काळी), चारही पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा, म्हणजे पंचकल्याणी. आमची भातशेती आणि काजूची बाग. घोडा घरात कधीच नव्हता. शिगम्यात आमच्याकडे घोडेमोडणी होते, कमरेला लाकडी घोडा बांधून, हातात तलवार घेऊन नाचतात. बाबा तरुणपणी नाचायचे. खरी घोडी दारात बांधायची ही त्यांची फार जुनी इच्छा.

उन्हाळाभर ती मजेत होती. पाऊस लागला आणि सगळे बिघडले. पंधरा दिवसांपासून मागच्या डाव्या खुराला घाण वास येतोय. उचलून पाहिला तर तळव्याच्या मधला त्रिकोणी मऊ भाग काळा, भुसभुशीत झालेला, आणि बाजूच्या खाचेतून काळपट चिकट पाणी. खाच साफ करायला गेलो की पाय हिसकावते. लंगडत नाही, खूर गरम लागत नाही, चंदी (दाणा) नेहमीसारखी खाते.

गुरांचे डॉक्टर येऊन गेले. ओल आणि घाणीमुळे खूर कुजतोय म्हणाले. घोड्याला धनुर्वात चटकन होतो आणि तो जिवावर बेततो, म्हणून आधी त्याची लस दिली. खाच रोज साफ, कोरडी करून आयोडीन लावायला सांगितले. पण मेलेला भाग काढून खूर नीट तासायला जाणकार नालबंदच आणा, असेही म्हणाले. त्यांचा हात गाई-म्हशींवर बसलेला, ते त्यांनी सरळ सांगितले, याचे मला बरेच वाटले. शेवटची तासणी एप्रिलमध्ये झाली. दर सहा ते आठ आठवड्यांनी व्हायला हवी होती. पेरणीच्या गडबडीत माझ्याकडून राहिली, आणि आता ती पाय हिसकावते तेव्हा जीव कळवळतो.

दुसरा प्रश्न जमिनीचा. तबेला गोठ्याला लागून आहे, खाली चिरे, म्हणजे जांभा दगड. चिरा पाणी पितो, मूत आत मुरते, आणि सकाळी घातलेला भाताचा पेंढा रात्रीपर्यंत चिंब. आठ दिवसांपासून पेंढा बंद करून लाकडाचा कोरडा भुसा घालतोय, लीद दिवसातून तीनदा उचलतो. खाली पूर्वीपेक्षा कोरडे राहते, वास मात्र गेलेला नाही. सिंधुदुर्गात किंवा आपल्याकडे कोणी घोडे पाळत असेल तर पावसाळ्यात खाली काय घालता? चिऱ्यांवर उतार देऊन काँक्रीट करावे, की रबरी चटई पुरते?

शेजारचे काका मोरचुदाची (कॉपर सल्फेटची) पूड कापसातून खाचेत भर म्हणतात. आत जिवंत मांस उघडे असेल तर भाजेल या भीतीने अजून हात लावलेला नाही. कोणी वापरले आहे का, आणि कितपत?

सगळ्यात निकड नालबंदाची. डिचोली, फोंडा, पेडणे, किंवा चोर्ला घाटापलीकडे बेळगावकडचा कोणी असला तरी चालेल. गाडी पाठवतो, राहायची सोय घरी करतो. नंबर इथे उघड न टाकता निरोपातून कळवा.

ता. क. : काहींनी फोटो मागितला आहे. आत्ता खूर आयोडीनने माखलेला आहे, काही दिसणार नाही. उद्या सकाळी साफ केल्यावर, औषध लावण्याआधी काढून इथेच टाकतो.