लंडन आणि एडिनबर्ग : घर थोड्या दिवसांसाठी भाड्याने देण्याचे नियम

वेम्ब्लीकर

नमस्कार. आमचे दोन फ्लॅट आहेत. वेम्ब्लीतल्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघे राहतो. दुसरा एडिनबर्गला मार्चमाँट भागात, एका जुन्या दगडी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आहे. मुलगी तिथे शिकत होती तेव्हा तो घेतला, पण आता ती नोकरीसाठी मँचेस्टरला गेल्यामुळे तो रिकामाच असतो. आई आजारी असल्याने दरवर्षी हिवाळ्यात तीन महिने आम्हाला पुण्यात राहावे लागते. त्या काळात वेम्ब्लीचे घर आणि ऑगस्टमधल्या महोत्सवाच्या दिवसांत एडिनबर्गचे घर पाहुण्यांना द्यावे, असा विचार आहे. लंडनमध्ये वर्षाला ९० रात्रींपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, असे ऐकले होते. देश एकच असल्यामुळे एडिनबर्गलाही साधारण तसेच असेल, असे मी धरून चाललो होतो; पण तिथल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी मला घाईघाईने थांबवले. दोन्ही शहरांत नेमका फरक काय आहे?

लीथची रहिवासी

दादा, त्यांनी थांबवले ते बरेच झाले. स्कॉटलंडमधला कायदा वेगळा आहे, आणि फरक केवळ रात्रींच्या आकड्याचा नाही. लंडनचा नियम तुम्ही किती रात्री घर दिले ते मोजतो, तर इथला नियम त्या घरात एरवी कोण राहते ते आधी विचारतो.

स्कॉटलंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून अशा भाड्यासाठी परवाना सक्तीचा झाला. आधीपासून घर देणाऱ्यांना अर्जासाठी १ ऑक्टोबर २०२३ पर्यंत मुदत होती. एक रात्र द्यायची असली तरी परवाना लागतो, आणि परवान्याशिवाय घर दिल्यास २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. स्वतः राहत असताना एखादी खोली देणे, स्वतः बाहेरगावी असताना राहते घर देणे आणि जिथे आपण राहतच नाही असे घर देणे, हे परवान्याचे वेगवेगळे प्रकार आहेत. मी दुसऱ्या प्रकारात मोडते, कारण ऑगस्टमध्ये मी माहेरी, सांगलीला जाते. माझ्या अर्जासोबत गॅस सुरक्षिततेचा दाखला, विजेच्या वायरिंगचा अहवाल, सार्वजनिक दायित्वाचा विमा आणि एकमेकांना जोडलेले धुराचे अलार्म या सगळ्याची पूर्तता करावी लागली. शिवाय शेजाऱ्यांना हरकत घेता यावी म्हणून अर्जाची सूचना इमारतीच्या दारापाशी २१ दिवस लावून ठेवावी लागली. पावसाने तो कागद दोनदा भिजला आणि दोन्ही वेळा मी तो नव्याने छापून लावला.

तुमचे घर तिसऱ्या प्रकारात येते, आणि अडचण तिथेच आहे. ५ सप्टेंबर २०२२ पासून एडिनबर्गचा संपूर्ण परिसर नियंत्रण क्षेत्र ठरला आहे. त्यामुळे आपण राहत नसलेले अख्खे घर पाहुण्यांसाठी वापरायचे असेल, तर परवान्याखेरीज प्लॅनिंगची, म्हणजे घराचा वापर बदलण्यासाठी स्थानिक कौन्सिलची (नगरपालिकेची), परवानगीही लागते. सामाईक जिना असलेल्या इमारतीत ती मिळणे फार कठीण आहे. २०२३ मध्ये न्यायालयाने परवाना धोरणातल्या काही अटी, उदाहरणार्थ अशा घरांत जमिनीवर कार्पेट घालण्याची सक्ती, बेकायदा ठरवल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस, नियंत्रण क्षेत्र ठरण्याआधीपासून चालू असलेल्या भाड्याला ही प्लॅनिंगची अट सरसकट लावता येणार नाही, असाही निकाल आला. पण तुम्ही आता नव्याने सुरुवात करणार, तेव्हा त्या निकालाचा तुम्हाला उपयोग नाही.

हॅरोचा जुना सभासद

लंडनच्या बाजूचे मी सांगतो. २०१५ च्या कायद्याने मिळालेली ९० रात्रींची मुभा खरी आहे. तुम्ही स्वतः त्या घराचा कौन्सिल टॅक्स भरत असाल, तर एका कॅलेंडर वर्षात एकूण ९० रात्रींपर्यंत प्लॅनिंगची परवानगी लागत नाही. ही मोजणी घराची आहे, संकेतस्थळाची नाही. एका संकेतस्थळावर ६० आणि दुसऱ्यावर ५० रात्री दिल्या, तर मर्यादा ओलांडलीच. तुमचा मुक्काम डिसेंबर ते फेब्रुवारी असल्यास तो दोन वर्षांत विभागला जाईल, हे लक्षात ठेवून हिशेब करा.

मात्र वेम्ब्लीचा फ्लॅट लीजवर, म्हणजे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर, असणार, म्हणून आधी लीजचा कागद काढून वाचा. त्यात 'केवळ खासगी निवासासाठी' अशा अर्थाचे कलम असेल, तर कायद्याची मुभा तुमच्या उपयोगाची नाही. २०१६ मध्ये उत्तर लंडनमधल्या एका फ्लॅटच्या प्रकरणात अपर ट्रायब्युनलने (वरिष्ठ न्यायाधिकरणाने) असेच ठरवले : काही दिवसांपुरता येणारा पाहुणा त्या जागेला आपले खासगी निवासस्थान मानत नाही, म्हणून असे भाडे हा लीजचा भंग आहे. कौन्सिलची हरकत नसली तरी फ्रीहोल्डर, म्हणजे इमारतीचा मूळ मालक, तुम्हाला नोटीस देऊ शकतो. कर्ज देणाऱ्या बँकेची आणि विमा कंपनीची संमतीही लेखी घ्या.

तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू

मी एडिनबर्गमध्ये अशाच एका जिन्यावर सहा वर्षे भाड्याने राहिलो. समोरचा आणि वरचा, असे दोन्ही फ्लॅट पाहुण्यांसाठी होते. रात्री दीडला दगडी पायऱ्यांवरून चाकांची बॅग एकेक पायरी आपटत वर येई, आणि त्या आवाजाने दचकून उठलेल्या माझ्या मुलाला पुन्हा झोपवायला अर्धा तास लागे. बाहेरच्या लोखंडी कठड्याला किल्ल्यांच्या चार पेट्या लटकलेल्या असत. जिना झाडण्याची पाळी दोन म्हाताऱ्या शेजारणींवर आणि माझ्यावर येई, कारण बाकी दारांमागे दर आठवड्याला नवी माणसे. पुढे आमच्या मालकांनीही तोच मार्ग धरला आणि मला नवे घर शोधायला पाच महिने लागले. नोव्हेंबर २०२३ मध्ये शहराच्या कौन्सिलने घरांच्या टंचाईची आणीबाणी जाहीर केली, तेव्हा मला नवल वाटले नाही. काका, मार्चमाँटमध्ये घर शोधणारे विद्यार्थी आणि नोकरदार शेकड्यांनी आहेत. मुद्रांकित करार करून रीतसर भाडेकरू ठेवा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

लीथची रहिवासी

एक दुरुस्ती सुचवते. इथे मुद्रांकाची पद्धत नाही. आधी घरमालक म्हणून कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते, आणि डिसेंबर २०१७ पासून होणाऱ्या खासगी भाडेकरारांना ठरावीक मुदत नसते. त्यामुळे दर ऑगस्टमध्ये घर मोकळे करून मागता येणार नाही, हे समजूनच भाडेकरू ठेवावा. तीन किंवा अधिक असंबंधित विद्यार्थी एकत्र राहणार असतील, तर त्याचा परवानाही वेगळा असतो.

वेम्ब्लीकर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री लीज काढून वाचले. तुम्ही म्हणता ते कलम अकराव्या पानावर आहे. वेम्ब्लीचे घर आता बंदच ठेवू, भाची अधूनमधून येऊन झाडांना पाणी घालेल. एडिनबर्गचे मुलीशी बोललो. तिच्या एका मैत्रिणीला तिथल्या इस्पितळात नोकरी लागली आहे आणि ती नवऱ्यासोबत राहायला घर शोधते आहे. घरमालक म्हणून नोंदणीचा अर्ज या शनिवारी भरतो. ताई, त्या अर्जात काही अडले तर इथेच विचारीन.