खिशातला कॅमेरा, पण व्हिडिओसाठी: झूम बघायचा की सेन्सर?

गोफण:
वडिलांची कीर्तनं रेकॉर्ड करायची आहेत. वय झालंय, पण आवाज अजून खणखणीत आहे, म्हणून यंदाच्या सप्ताहातच हे करायचं ठरवलंय. मोठा कॅमेरा दिसला की माणसं अवघडतात, त्यामुळे छोटाच हवा. माझं मत स्पष्ट आहे: झूमच्या मागे लागू नये. एक इंची सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप), एफ/१.८ ची लेन्स (हा आकडा लहान तेवढा प्रकाश जास्त) आणि माइकचा जॅक, एवढं बघावं. नाव ‘एक इंची’ असलं तरी सेन्सर असतो १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, तरीही स्वस्त झूमवाल्या कॅमेऱ्यांतल्या १/२.३ इंची सेन्सरच्या चौपट. देवळात रात्री दोन ट्यूबलाइट असतात, तिथे हाच फरक कामाला येतो. सोनीचा झेडव्ही-१ (२०२०) डोळ्यांसमोर आहे.

खडीसाखर:
झूमबद्दल अजिबात पटलं नाही. माणसं दाटीवाटीनं बसलेली, तुम्ही मागे खांबाला टेकून. झेडव्ही-१ ची लेन्स २४-७० मिमी (आकडा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं), तिथून वडील बोटभर दिसतील. सोनीचाच आरएक्स१०० मार्क ७ (२०१९) घ्या. सेन्सर एक इंचीच, माइकचा जॅक आहे, आणि २०० मिमीपर्यंत जाता येतं. अभंगाचं चरण उलगडताना कीर्तनकाराचे डोळे आणि हात दिसलेच पाहिजेत. ते नसतील तर व्हिडिओ कशासाठी करायचा?

गोफण:
पण २०० मिमीला ती लेन्स एफ/४.५ वर जाते. झेडव्ही-१ च्या ७० मिमीला असलेल्या एफ/२.८ च्या मानाने प्रकाश निम्म्याहून कमी. मागच्या वर्षी मित्राच्या झूमवाल्या कॅमेऱ्यावर करून पाहिलं. चेहरा मोठा आला, पण मेणाचा; सुरकुत्या, दाढीचे खुंट सगळं पुसलेलं. मला वडील जसे आहेत तसे हवेत.

नंदादीप:
तुम्ही दोघंही चित्रावरच अडलात. कीर्तन ऐकायचं असतं हो! पखवाजाची थाप पडली की ऑटो लेव्हल (पातळी आपोआप ठरवणारी सोय) आवाज खाली दाबते, मग हळूहळू वर आणते, तोवर अर्धं चरण गेलेलं असतं. मी गावच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग फोनवरच करतो, फक्त कॉलर माइक वेगळा घेतलाय. सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीला लावायचा, उपरणं घासणार नाही असा. फोनवर सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंदाचं शटर ठेवायचं. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूबलाइटचे पट्टे येत नाहीत. एक्स्पोजर (चित्राचा उजेड) फेट्यावर लॉक करा, नाहीतर फेट्याच्या जागी नुसता पांढरा डाग उरतो. कॅमेऱ्याचे पैसे चांगल्या माइकवर घाला.

पाणवठा:
डीजेआयचा ऑस्मो पॉकेट ३ कुणीच कसा काढला नाही? १७९ ग्रॅम, सेन्सर एक इंची, तीन अक्षांचा गिंबल (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारा हलता सांधा). बुवा नाचत मागेपुढे झाले तरी चेहऱ्यामागे फिरतो. ऑप्टिकल (लेन्सचा खरा) झूम नाही, हे मान्य.

गोफण:
नंदादीप, माइकचं शंभर टक्के पटलं, तो आधी घेतो. झेडव्ही-१ मध्ये आवाजाची पातळी हातानं ठेवता येते, हेही त्याच्या बाजूनं धरा. फोनवर मात्र माझा जीव रमत नाही. दोन तासांत तो तापतो, आणि रंगात आलेल्या कीर्तनात फोन वाजला तर? कॅमेऱ्यालाही तयारी लागतेच. १०० एमबीपीएसला (सेकंदाला १०० मेगाबिट) मिनिटाला ७५० एमबी, म्हणजे दोन तासांना ९० जीबी. बॅटरी पाऊण तासाची, म्हणून पॉवरबँक जोडून ठेवणार. तापून बंद पडू नये म्हणून मेनूतली तापमानाची मर्यादा ‘हाय’ वर. आणि झूम नको म्हणून स्टँड पहिल्या रांगेतच लावतो.

खडीसाखर:
पहिल्या रांगेत बुटकं स्टँड लावू नका. ‘ज्ञानोबा-तुकाराम’चा गजर सुरू झाला की अख्खा मंडप उठून उभा राहतो, आणि पुढची पाच मिनिटं तुम्हाला नुसत्या पाठी मिळतील. एका बाजूला, विणेकऱ्याच्या अंगानं, माणसाच्या डोक्याच्या वर जाईल असं उंच स्टँड लावा. तिथून ७० मिमी कदाचित पुरेल. मी तरी २०० सोडणार नाही.