मोठ्या बायका-चित्रकार नव्हत्याच? मग हाल्सच्या नावाखाली कोण होतं?

कुंचला_कटकट (धागाकर्ती)

परवा इथेच एकांनी ठोकून दिलं: "युरोपच्या चित्रकलेत पहिल्या दर्जाची एकही बाई नाही. आता म्युझियमवाले आरक्षण दिल्यासारखी बायकांची चित्रं तळघरातून काढून भिंतीवर टांगतायत." खाली अनुमोदनांची ही रांग! तिथेच उत्तर लिहायला बसले, ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

यूडिथ लाइस्टर. 1633 साली नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या चित्रकार-संघाची सभासद. स्वतःची चित्रशाळा, हाताखाली शिष्य. एक शिष्य पळून फ्रान्स हाल्स या तिथल्याच नामांकित चित्रकाराकडे गेला तर 1635 मध्ये तिने थेट संघाकडे हाल्सविरुद्ध तक्रार केली. 1648 च्या हार्लेमच्या इतिहासात तिचं कौतुक आहे. म्हणजे जिवंतपणी नाव होतं. गेलं ते मेल्यावर. तिची चित्रं हाल्सची म्हणून विकली जाऊ लागली. 1893 मध्ये हॉफ्स्टेड द ग्रोट या अभ्यासकाला अशाच एका 'हाल्स'वर तिची खूण दिसली, जे एल आणि शेजारी तारा. तेच चित्र आज लुव्र्हमध्ये आहे. एक चित्रकार नव्याने सापडली म्हणून कोणी पेढे वाटले? छे. विकणारा आणि घेणारा लंडनच्या कोर्टात गेले आणि किंमत कमी करून तडजोड झाली. चित्र तेच, रंग तेच!

दुसरं लंडनचंच. रॉयल अकॅडमी ही कलाकारांची संस्था 1768 मध्ये स्थापन झाली तेव्हा संस्थापकांत दोन बायका होत्या, अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर. त्यानंतर पूर्ण सभासद म्हणून निवडून आलेली पहिली बाई लॉरा नाइट, 1936 मध्ये. मध्ये 168 वर्षं. तेव्हा "हळूहळू बायका पुढे आल्या" ही गोष्ट सांगू नका. आधी होत्या, मग पुसल्या, मग पुन्हा शोधाव्या लागल्या.

शंकासुर_पेठेतला

तो सभासद मीच. नाव घ्यायला लाजू नका.

तुम्ही लाइस्टर आणता, मी राखेल राउस ही डच चित्रकार आणतो. दहा मुलं, आणि तरी म्हातारपणापर्यंत चित्रं. 1708 पासून ड्युसेलडॉर्फच्या दरबाराची चित्रकार. एकेका चित्राला तिला मिळायचे तेवढे पैसे भल्याभल्या पुरुषांना मिळत नसत. विजे ल ब्रँ फ्रान्सच्या राणीची, मारी आंत्वानेतची, आवडती चित्रकार होती. हिला कुणी कोंडून ठेवलं होतं?

आणि मी 'पहिला दर्जा' म्हणालो होतो, 'होत्या का' असं नाही. लाइस्टर चांगली आहे. हाल्सचा हात तिला नाही. हे बोललं की बाईद्वेष्टा! चांगल्या चित्राला चांगलं म्हणायचं, बस. पण हल्ली सगळीकडे कोटा. आमच्या पुतण्याचं ॲडमिशन... जाऊ दे.

ध_चा_मा

पुतण्याला लाइस्टरने सीट नाकारली का? :)

राउसने काय काढलं? फुलं. तो योगायोग नव्हे. अकॅडमीच्या उतरंडीत सर्वात वर पुराणप्रसंग आणि इतिहास, फुलं-फळं तळाला. वरचं चित्र काढायला नग्न मॉडेलवरून शरीर शिकावं लागतं, आणि त्या वर्गाला बायकांना बंदी. झोफानी या चित्रकाराने रॉयल अकॅडमीच्या सभासदांचं चित्र काढलंय, 1771-72 चं. सगळे पुरुष नग्न मॉडेलभोवती जमलेत. कॉफमन आणि मोझर कुठे? भिंतीवर, चौकटीत. सभासद असून खोलीत नाहीत, तसबिरीत आहेत. शोधून बघा.

पॅरिसच्या सरकारी कलाशाळेने बायकांना 1897 मध्ये आत घेतलं. आणि जिचं कौतुक करताय ती विजे ल ब्रँ ज्या पॅरिस अकॅडमीत होती, तिथे बायकांना चार जागा होत्या. चार. विजे ल ब्रँ आणि लाबिय-ग्यियार 1783 मध्ये एकाच दिवशी आत आल्या आणि कोटा भरला. कोटा तुम्हाला आवडत नाही ना? हाही होता, फक्त उलटा.

हेगहून_हरी

इथे राहतो म्हणून सांगतो. 2021 मध्ये महिलादिनाला ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने मुख्य दालनात पहिल्यांदा बायकांची चित्रं लावली. लाइस्टर, राउस आणि गेझिना टेर बोर्ख. तेव्हा कोविडमुळे म्युझियम बंद! एवढ्या वर्षांनी मानाची जागा मिळाली आणि बघायला चिटपाखरू नाही. उघडल्यावर गेलो. लाइस्टरच्या चित्रातला तो वाद्य वाजवणारा खालून उजळलेला, मान वर करून कुठेतरी बघतोय. तासभर खिळून राहिलो. तिकिटाच्या किमतीबद्दल मात्र न बोललेलंच बरं. दोन पोरं असलेल्या माणसाने कला बघायचीच नाही का?

टाका_दोरा

तुम्ही सगळे तैलरंगावरच का अडून बसलात? 1919 चं बाऊहाउस घ्या, जर्मनीतली कला-डिझाइनची शाळा. जाहीर काय, तर सर्वांना समान प्रवेश. प्रत्यक्षात मुलींची रवानगी विणकामाला. अन्नी आल्बर्सला काचकाम हवं होतं, मिळाला माग. त्याच मागावर तिने असं काम केलं की 1949 मध्ये न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियमने तिचं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं.

मला हे का झोंबतं ते सांगते. माझ्या आजेसासूबाईंची गोधडी आहे घरात. खाली जुन्या धोतराचं अस्तर, वर नऊवारीचे धडपे. कडेपासून आत आत चौकोनात येणारा धावदोरा, आणि मधोमध हिरव्या खणाचा एवढासा तुकडा तिरका बसवलेला. मुद्दाम तिरका. ती रंगसंगती बाऊहाउसच्या कोणत्याही भिंतीवर शोभली असती.

शंकासुर_पेठेतला

झालं! आता लुव्र्हमध्ये गोधडी. मोनालिसाला अंगावर घ्यायला होईल.

ताई, गोधडी उपयोगाची वस्तू आहे. थंडी वाजते म्हणून शिवतात. कला वेगळी.

टाका_दोरा

आणि चर्चमध्ये वेदीवरची चित्रं कशासाठी काढत होते? लोकांनी त्यासमोर गुडघे टेकावेत म्हणून. राजांची चित्रं सोयरीक जमवायला पाठवत. तेही उपयोगाचंच. पुरुषाने उपयोगाचं केलं की कला, बाईने केलं की घरकाम. हा नियम कोणी केला ते तरी सांगा. आणि आजेसासूबाईंची चेष्टा करायची नाही. सांगून ठेवते.

शंकासुर_पेठेतला

चेष्टा आजेसासूबाईंची नाही, तुमच्या तर्काची.

जुनी_विद्यार्थिनी

कॉलेजचं नाव घेत नाही. पेंटिंगला अर्ज केला तेव्हा सर म्हणाले, "मुलींना टेक्स्टाइल बरं पडतं, घरी बसूनही करता येतं." ही गोष्ट 1919 ची नाही, माझ्या बॅचची. मी हट्टाने पेंटिंग केलं. माझ्या मैत्रिणीने ऐकलं आणि ती आज उत्तम डिझायनर आहे, सुखात आहे, तिला विचारलं तर सर बरोबरच होते म्हणेल. आता बोला.

माणदेशी_माणूस

गोधडीचं निघालंच आहे तर. आमच्या गावच्या बायका शिवतात, एक व्यापारी उचलून नेतो, शहरात दामदुप्पट विकतो. बाईचं नाव कुठेही नाही. पुढेमागे म्युझियमात गेलीच तर खाली लिहितील 'अज्ञात'. अज्ञात कशाची? आमची काकू आहे ती, अजून जिवंत आहे.

कुंचला_कटकट

धागा गोधडीत गुंडाळला गेला! शंकासुर, 1768 ते 1936 चं उत्तर राहिलंय.

शंकासुर_पेठेतला

बरं बाई, मान्य. 168 वर्षं लंडनमध्ये एकही लायक बाई जन्मली नाही असं मी म्हणणार नाही. समाधान? सत्कार कधी ठेवताय?

पण एक सांगा. आर्तेमिझिया जेंतिलेस्की या इटालियन चित्रकारावर कुठेही वाचा, पहिल्या ओळीत 1612 चा तो बलात्काराचा खटला, साक्ष देताना बोटांना आवळलेल्या दोऱ्या. मग बायबलच्या कथेतली यूडिथ शत्रूच्या सेनापतीचं, होलोफर्नेसचं, मुंडकं कापतेय ते चित्र आणि 'बघा, तिचा सूड'. ही बाई 1616 मध्ये फ्लॉरेन्सच्या अकॅडमीत घेतलेली पहिली स्त्री, नेपल्समध्ये चित्रशाळा, लंडनला चार्ल्स राजासाठी काम. तिच्याच काळातल्या कारावाज्जो या चित्रकाराने माणूस मारला होता, तरी त्याच्याबद्दल आधी उजेड-सावलीवर बोलतात. हिच्याबद्दल आधी खटल्यावर. याला बायकांचं स्थान सुधारणं म्हणायचं?

ध_चा_मा

तुमच्याशी सहमत व्हावं लागतंय, तारीख लिहून ठेवा. त्या चित्रात मला सूड नंतर दिसतो. आधी दिसते ती दासी, बाह्या सरसावून पूर्ण वजन टाकून त्याला दाबून धरणारी. कारावाज्जोच्या त्याच प्रसंगात दासी म्हातारी, नुसती बाजूला उभी. मुंडकं कापायला दोघी लागतात हे आर्तेमिझियाला कळलं होतं.

कुंचला_कटकट

आणि असं कळणं पहिल्या दर्जाचं नाही?

शंकासुर_पेठेतला

विचार करून सांगतो. राउसच्या दहा मुलांचं उत्तर मात्र अजून कोणी दिलेलं नाही.

हेगहून_हरी

पैसे होते, मोलकरणी असणार. माझ्याकडे नाहीत.

नवखी_नलू

अवांतर: @टाका_दोरा, गोधडीला टेरिकॉटच्या साड्या चालतात का? घरी ढीग पडलाय.

टाका_दोरा

अजिबात नाही. सुई सरकत नाही आणि घाम येतो. सुती असतील तेवढ्या वेगळ्या काढा, पद्धत व्यक्तिगत निरोपात कळवते.