प्रतिसाद: विषय वाढवून काय होणार?

वर कोणीतरी म्हटलंय की मानवी हक्क हा आणखी एक विषय अभ्यासक्रमात घुसवला तर मुलं पाठ करतील, पेपर लिहितील आणि विसरतील. निम्मं पटलं.

पण संयुक्त राष्ट्रांच्या 2011 च्या जाहीरनाम्यात हे शिक्षण तीन अंगांनी मांडलंय: हक्कांविषयी, हक्कांच्या मार्गाने (म्हणजे शिकवतानाच हक्क पाळून) आणि हक्कांसाठी. आपली गाडी पहिल्यावरच अडते. मानवी हक्कांचा मूळ जाहीरनामा 10 डिसेंबर 1948 चा, एकूण 30 कलमं, झालं! खरी गोम दुसऱ्यात आहे. वर्गाची काच फुटते, कोणी फोडली ते कळत नाही, म्हणून अख्खा वर्ग तासभर उभा. त्याच वर्गाच्या भिंतीवर 1948 च्या जाहीरनाम्याचा तक्ता असतो आणि त्यातलं 11वं कलम सांगतं की गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष. मुलं त्या तासात काय शिकली? तक्ता शोभेचा असतो, हे.

म्हणून आधी शिकवणाऱ्यांना शिकवायला हवं. या विषयाचा संयुक्त राष्ट्रांचा जागतिक कार्यक्रम 2005 मध्ये शाळांपासून सुरू झाला. दुसऱ्या टप्प्यात, 2010 ते 2014, शिक्षक, सरकारी नोकर, पोलीस आणि सैन्य आले. माझ्या मते क्रम उलटा हवा होता.

पाठांतराला पर्यायही आहे. 1948 च्या जाहीरनाम्यातल्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकणारे शब्द होते. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहतांनी आग्रह धरला आणि तिथे ‘सर्व माणसं’ आलं. दोन्ही वाक्यं फळ्यावर लिहा आणि फरक मुलांनाच विचारा. तास पुरणार नाही.