जाग्या कुत्र्याच्या हृदयावर प्रयोग: गरज की क्रौर्य?

टेकडीवरचा: अमेरिकेत सिअ‍ॅटलला रॉबर्ट रशमर यांनी १९५० च्या दशकात शुद्धीवर असलेल्या कुत्र्यांच्या हृदयाची मोजमापं घेतली. आधी ऑपरेशन करून छातीत यंत्रं बसवायची, जखम भरली की कुत्र्याला ट्रेडमिलवर पळवायचं. पळताना हृदय दर ठोक्याला फारसं जास्त रक्त फेकत नाही, ठोकेच वाढवतं, हे त्यातून दिसलं. छाती उघडून भुलेत ठेवलेल्या प्राण्यात ते कळलंच नसतं. माझ्या मते हे प्रयोग योग्यच होते.

मुकी_माया: "जखम भरली की"! किती पटकन उरकलंत. बरगड्यांमधून छाती उघडतात, हृदयाच्या धमनीभोवती प्रवाह मोजायचं कडं बसवतात आणि वायरी कातडीखालून पाठीवर, खांद्यांच्या मध्ये काढतात. तिथेच का? कुत्र्याचं तोंड पोचू नये म्हणून. हेही लिहा की.

डॉ_निशाचर: ताई, वर्णन बरोबर आहे. पण पेंटोबार्बिटलच्या भुलेत ठोके वाढतात, रक्तदाब सावरणारी यंत्रणा मंदावते. मग मोजलेला आकडा हृदयाचा की भुलेचा? आणि १९७४ मध्ये गूल्ड व सहकाऱ्यांनी कुत्र्यांवरच दाखवलं की धमनी सुमारे ८५ टक्के अरुंद होईपर्यंत विश्रांतीतला प्रवाह घटत नाही. धमन्या औषधाने पूर्ण सैलावल्या, तर मात्र ३०-४५ टक्क्यांपासूनच कमाल प्रवाह उतरायला लागतो. बसल्या जागी ठणठणीत वाटणाऱ्या पेशंटलाही आम्ही स्ट्रेस टेस्ट (हृदयावर ताण देऊन तपासणी) सांगतो, ती उगाच नाही.

मुकी_माया: ते १९७४. आज माणसाच्याच धमनीत तार घालून दाब मोजता, एमआरआय आहे. २०२२ च्या अमेरिकन कायद्याने तर नव्या औषधासाठी प्राण्यांवरच्या चाचणीची सक्तीही काढली.

डॉ_निशाचर: सक्ती गेली, प्रयोग नाही गेले. प्राण्यांऐवजी डिशमधल्या पेशींवर तपासा म्हणाल, तर त्यांना रक्तदाब नसतो हो. शिवाय आता वायरी नाहीत, यंत्र शरीरात असतं आणि आकडे रेडिओने येतात. एकाच कुत्र्यावर महिनोन्महिने मोजता येतं, म्हणजे कुत्रे कमी लागतात.

मुकी_माया: कमी कुत्रे, पण त्या एकाच्या वाट्याला महिनोन्महिने पिंजरा! आणि बीगलच का घेतात? गरीब स्वभावाचा, चावत नाही म्हणून.

टेकडीवरचा: मग दहा कुत्रे भुलेतच संपवलेले बरे, की एक वर्षभर जागा ठेवलेला?

मुकी_माया: दोनच पर्याय तुम्ही ठरवलेत. मी त्यातला निवडणार नाही.