पांढरी अस्वलं वाढली म्हणे, मग बर्फ वितळला तर काय बिघडलं?

धरमपेठवाला: सोसायटीच्या ग्रुपवर काल एकानं टाकलं, '१९६० च्या सुमारास पांढरी अस्वलं ५ हजार, आता २६ हजार, म्हणजे क्लायमेट चेंज सगळी फेकाफेकी'. वर आठ अंगठे! डोकं फिरलं म्हणून इथे लिहून राहिलो. ते ५ हजार म्हणजे तेव्हाचा अंदाजपंचे आकडा, धड कोणी मोजलंच नव्हतं. शिवाय १९७३ मध्ये पाच देशांनी शिकारीवर करार केला, त्यानं बरीच वाचली. याचा बर्फाशी काय संबंध? कॅनडातल्या हडसन बेच्या पश्चिम किनाऱ्यावर बघा, १९८७ ला १२०० च्या आसपास, २०१६ ला ८४२, २०२१ ला ६१८.

मानेवाडाकर: तुमच्या सोयीची एक टोळी उचलली न भाऊ. कॅनडातल्याच मॅक्लिंटॉक चॅनलचं काहून नाही सांगत? २००० मध्ये २८४, २०१६ मध्ये ७१६. तिथं काय बर्फ वाढला?

धरमपेठवाला: उलटं आहे. तिथला जाडजूड जुना बर्फ पातळ झाला म्हणून सील (अस्वलांचं मुख्य खाणं असलेले समुद्री प्राणी) आले, अन् शिकारीचा कोटा आधीच खूप खाली आणला होता. आणखी पातळ झाल्यावर काय करता? अस्वल सहसा पोहून सील पकडत नाही, बर्फावर सीलच्या श्वासाच्या भोकाजवळ दबा धरून बसतं. बर्फ गेला की किनाऱ्यावर येऊन चरबीवर दिवस काढतं.

कूलरवाले_काका: आकड्यांचं नका सांगू राजेहो. २००२ मध्ये पंज्यांच्या ठशांवरून देशात ३६४२ वाघ, २००६ च्या गणतीत कॅमेरे लावले तर १४११. वाघ काय विमानात बसून गेले?

मानेवाडाकर: हेच तर म्हणून राहिलो मी! मोजणारेच थापाडे.

उमरेडची_पोरगी: थांबा बे, राजस्थानातल्या सरिस्कात वाघ खरंच संपले होते, २००५ मध्ये समजलं. ठशांचे आकडे फुगलेले होते अन् शिकारही होत होती, दोन्ही खरं. मोजायची पद्धत बदलली की जुना आकडा नव्याशेजारी ठेवायचा नसतो, एवढंच. अस्वलांनाही तेच लागू.

मानेवाडाकर: बरं बाप्पा, ५ हजारवाला आकडा सोडला. पण २०२४ मध्ये आपल्या नागपुरात ५६ डिग्री दाखवून टीव्हीवाल्यांनी घाबरवलं, मग निघालं की सेन्सरच बिघडलेला. विश्वास कसा ठेवायचा?

कूलरवाले_काका: सेन्सर बिघडला होता, मी नाही! आमच्या गल्लीत रस्ता सिमेंटचा करायला ३० वर्षांचा कडुनिंब पाडला, तेव्हापासून वरच्या खोलीची भिंत रात्री अकराला हात लावला तर तव्यासारखी. आधी कूलरमध्ये सकाळी एकदा पाणी भरायचो, आता तीनदा. तक्रार केली तर म्हणे झाड 'धोकादायक' होतं. कोणाला धोकादायक, ठेकेदाराला?

उमरेडची_पोरगी: आमच्याकडे तर फुटपाथवरच्या झाडांच्या बुडापर्यंत सिमेंट ओतलं, वीतभर माती नाही सोडली, मग वादळात पडतात तेव्हा झाडालाच दोष.

मानेवाडाकर: काका, सिमेंट रस्त्यावर तुमच्याशी पूर्ण सहमत. त्यात क्लायमेट चेंज नाही, फक्त ठेकेदार आहे.

धरमपेठवाला: अस्वलांवर बोला रे कोणी!

मानेवाडाकर: तुमची अस्वलं कमी होऊन राहिली, घ्या, खूश? पण सगळीकडे नाही.

कूलरवाले_काका: बर्डीवर खसच्या ताट्या कोणाकडे चांगल्या मिळतात? मागच्या वर्षीच्या एका महिन्यात गळल्या.